धरण निम्मं भरलं, तर पाळ्याही निम्म्या मिळतात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भडगाव तालुक्यात जामदा कालव्याच्या शेवटाकडच्या एका चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटावर, तुमचं पाच एकर रान आहे. गावाच्या ग्रुपवर रोज सकाळी ‘गिरणा धरण, आजचा साठा’ अशी पोस्ट पडते. ऑक्टोबर निम्मा सरत आला तरी आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास अडकलाय, गेल्या वर्षी याच दिवशी तो शंभर होता. ग्रुपमधल्या एका गटाचा हिशोब असा, की भरल्या धरणाला रब्बीत तीन पाळ्या (कालव्याला ठराविक दिवस पाणी सोडलं, की एक पाळी) मिळतात, तर निम्म्या धरणाला दीड मिळतील, म्हणजे एक तर कुठेच गेली नाही. दुसरा गट म्हणतो की यंदा थेंब मिळणार नाही, आकडे फुगवलेले असतात. आणि तुम्हाला ठरवायचंय गहू पेरावा, हरभरा टाकावा की रान तसंच ठेवावं.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो, नोकरीतली बरीच वर्षं गिरणेच्या कालव्यांवर गेली. साठ्याचा रोजचा आकडा कसा तयार होतो आणि तो गावात पोचल्यावर त्याचं काय होतं, ही दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक मात्र आधीच सांगून ठेवतो: तुमच्या विहिरीत आज किती पाणी आहे आणि चारीची अवस्था काय आहे, हे मला ठाऊक नाही. शेवटचा निर्णय त्या दोन गोष्टींवरच ठरेल.

आकडा खोटा नसतो. धरणाच्या भिंतीशी मीटर-सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी असते. कर्मचारी सकाळी ठरलेल्या वेळी जाऊन ती वाचतो. वारा असला की पाणी पट्टीवर खालीवर होत राहतं, मग तो थोडा वेळ थांबून वरची आणि खालची खूण बघतो आणि मधली धरतो. ही झाली पातळी. त्या पातळीला साठा किती, ते क्षमता तक्त्यात बघायचं आणि त्यावरून टक्का काढायचा. म्हणजे मोजली जाते फक्त पातळी, बाकीचं तक्त्यातून येतं. धरणात गाळ बसत जातो, म्हणून तक्ता अधूनमधून तपासावा लागतो. नाशिकच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून असे गाळ-अभ्यास होतात. पण रोजच्या कामाला हा आकडा पुरेसा खरा आहे. ‘आकडे फुगवलेले असतात’ हे मनातून काढून टाका. गोंधळ पुढे होतो, कारण पोस्टमध्ये टक्का राहतो आणि तो कशाचा टक्का आहे, हे गळून पडतं.

गिरणेची एकूण क्षमता २१,५०० दशलक्ष घनफूट, आपल्या भाषेत दलघफू. त्यातले तळाचे ३,००० दलघफू मृत साठा. ते पाणी कालव्याला सोडायच्या दारांच्या खाली राहतं, आपोआप बाहेर येत नाही. उरलेला १८,५०० दलघफू हा उपयुक्त साठा. खातं टक्का सांगतं तो या उपयुक्त साठ्याचा. समजा आज उपयुक्त साठा ९,२५० आहे, तर टक्का पन्नास. पण कुणी हौशी माणसाने त्यात मृत साठा मिळवून एकूण क्षमतेवर भागाकार केला, तर तेच पाणी त्याच सकाळी ५७ टक्के दिसतं. दोन पोस्टमध्ये सात टक्क्यांचा फरक पडला, की ग्रुपवर भांडण लागतं आणि एकजण दुसऱ्याला खोटारडा ठरवतो. दोघंही खरं बोलत असतात. उलट उन्हाळ्याच्या तोंडी ‘धरण शून्य टक्के’ अशी पोस्ट येते आणि त्याखाली कुणीतरी पाण्याचा फोटो टाकून विचारतं, हे काय मग? ते मृत साठ्याचं पाणी असतं. म्हणून पोस्ट बघताना टक्का बाजूला ठेवा आणि दलघफूतला उपयुक्त साठा शोधा. तो दिला नसेल, तर त्या पोस्टवरून पेरणीचा निर्णय घेऊ नका.

आता मूळ मुद्दा: निम्म्या धरणाला निम्म्या पाळ्या का नाहीत.

धरणातलं सगळं पाणी शेताचं नसतं. पहिला हक्क पिण्याचा. मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या शहरांसह नदीकाठची कितीतरी गावं गिरणेवर तहान भागवतात आणि ते पाणी पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवावं लागतं. पुढचा पाऊस जूनमध्ये येईलच असं धरून चालत नाही, जुलै-ऑगस्टपर्यंतची तजवीज ठेवावी लागते. दुसरं बाष्पीभवन. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा धरणाचं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर नुसतं उडून जातं. तिसरी वाटेतली तूट. गिरणेचं पाणी धरणातून नदीत सुटतं, नदीतून जामद्याच्या बंधाऱ्याला येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. कोरडी वाळू आधी आपलं पोट भरते, मग पाणी पुढे सरकतं.

हे तिन्ही खर्च धरण निम्मं आहे म्हणून निम्मे होत नाहीत. साठा कमी असला की पाण्याचा पसारा आक्रसतो आणि बाष्पीभवन थोडं घटतं, पण लोकांची तहान तेवढीच राहते आणि वाळूही तेवढंच पिते. घरातला पगार निम्मा झाला, तरी भाडं आणि मुलांची फी निम्मी होत नाही. कात्री लागते ती उरलेल्या खर्चाला. इथे उरलेला खर्च म्हणजे शेतीचं पाणी.

समजण्यापुरता एक हिशोब मांडतो. यातला पाच हजाराचा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, तो यंदाचा म्हणून पुढे पाठवू नका. समजा हे न टळणारे खर्च मिळून ५,००० दलघफू आहेत. धरण पूर्ण भरलं, तर १८,५०० मधून ते वजा जाऊन शेतीला १३,५०० उरतात. धरण पन्नास टक्के असेल, तर ९,२५० मधून वजा जाऊन उरतात ४,२५०. साठा निम्मा, पण शेतीचं पाणी एक तृतीयांशही नाही. धरण तीस टक्क्यांवर असेल, तर ५,५५० मधून शेतीला जेमतेम ५५० उरतात, आणि तेवढ्यात जामद्यापर्यंतची वाळूच भिजायची. तीन पाळ्यांचं सरळ त्रैराशिक इथे मोडतं. टक्का खाली जातो त्यापेक्षा शेतीचं पाणी फार वेगाने खाली जातं, आणि एका मर्यादेखाली आवर्तन, म्हणजे पाळी, सोडण्यात अर्थच राहत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक पदर आहे, कारण तुम्ही शेवटाकडे आहात. आवर्तन मंजूर झालं, म्हणजे शेवटच्या चारीला पाणी आलं असं होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगलं असेल. कालवा भरून चालायला ठराविक विसर्ग लागतो. पाणी कमी म्हणून पाळीचे दिवस कमी केले, तर वरच्या चाऱ्या भिजून होईस्तो पाळी संपते. चारीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दिसतं ते असं: पहिल्या दिवशी पाण्याचं तोंड काडीकचरा पुढे ढकलत संथ येतं, भेगाळलेली माती ते पीत राहते, दोन-तीनशे मीटर जायलाही वेळ लागतो. वरच्या एखाद्याने रात्री फूट उघडली, तर सकाळी तेच तोंड मागे गेलेलं असतं. धरणाचा टक्का यातलं काहीच सांगत नाही आणि सांगू शकतही नाही.

‘गेल्या वर्षी याच दिवशी शंभर’ या तुलनेबद्दल. शंभर हा आकडा फसवा असतो, कारण त्याच्या वर मोजायला जागाच नाही. ऑगस्टमध्ये भरून महिना-दीड महिना सांडव्यावरून वाहिलेलं धरणही शंभरच दाखवतं आणि काल रात्री कसंबसं काठाला लागलेलं धरणही शंभरच. पहिल्या वर्षात नदी सतत वाहिलेली असते, काठाच्या विहिरी तुडुंब असतात आणि शेतकरी रब्बीचं पहिलं पाणी कालव्याकडे मागतच नाहीत. दुसऱ्या वर्षात विहिरी तळाला असतात आणि पहिल्या आवर्तनालाच सगळे तुटून पडतात. टक्का सारखा असला, तरी ही दोन वर्षं अगदी निराळी.

आणि एका वर्षाशी तुलना करून धरणाचा स्वभाव कळत नाही. २०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षं गिरणा धरण भरलं. त्याआधी कित्येक वर्षं ते काठाला लागलं नव्हतं, पण चार वर्षांत लोकांची सवयच बदलली. ज्या पोरांनी शेती हातात घेतली तीच त्या काळात, त्यांना धरण दरसाल भरतं असंच वाटायला लागलं. काहींनी त्या भरवशावर बारमाही पिकं वाढवली. मग २०२३ मध्ये साठा निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबला आणि धावपळ झाली. चार वर्षांचा अनुभव खरा होता, पण गिरणेच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे फार थोडा काळ. धरण पूर्ण झालं १९६९ मध्ये, तिथपासूनच्या नोंदी खात्याकडे आहेत.

पावसाळ्यातल्या पोस्टविषयीही लिहितो, कारण गैरसमजाची पेरणी तेव्हाच होते. ‘चणकापूरमधून २०,००० क्युसेक पाणी सोडलं’ (चणकापूर हे गिरणेवरचंच वरच्या अंगाचं धरण) अशी बातमी आली, की आपल्याकडे फटाके वाजायचेच बाकी राहतात. क्युसेक हा वेग आहे: एका सेकंदाला इतके घनफूट. तो किती वेळ टिकला हे कळल्याशिवाय पाणी किती आलं ते कळत नाही. गिरणेचा एक टक्का म्हणजे १८५ दलघफू, आणि तो चढायला सुमारे २,१४० क्युसेकचा प्रवाह अखंड चोवीस तास यावा लागतो. वीस हजार क्युसेक सहा तास चाललं, तर होतात ४३२ दलघफू, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. त्यातलंही काही मधल्या बंधाऱ्यांत आणि पात्रात मुरतं. हे एक गणित वहीत लिहून ठेवलंत, तर अर्ध्याअधिक पोस्टचा अर्थ घरबसल्या लागेल.

तसंच गिरणा भरते ती कळवण, सटाणा, सुरगाण्याकडच्या पावसावर. चाळीसगाव-भडगावात धो धो पडला म्हणून धरण चढत नाही, आणि आपल्याकडे उघडीप असली म्हणून ते थांबतही नाही. स्वतःच्या दारातला पाऊस आणि धरणाचा टक्का जुळत नाही, म्हणून ‘आकडे खोटे’ म्हणणारे मी दर पावसाळ्यात ऐकलेत.

याहून मोठा घोटाळा हतनूरच्या आकड्यात होतो. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला, त्याच्या खाली हतनूर. पूर्णा विदर्भातून भरपूर गाळ घेऊन येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पूर आणि गाळ पुढे जाऊ द्यायचा म्हणून धरणाचे दरवाजे उघडे ठेवतात आणि साठा मुद्दाम कमी राखतात. एकूण ४१ दरवाजे आहेत, जोराच्या पुरात सगळेच्या सगळे उघडलेले असतात. अशा दिवशी साठ्याची पोस्ट बघितली, तर टक्का कमी दिसतो आणि कुणीतरी खाली लिहितं, ‘जुलै संपत आला, हतनूर अजून रिकामं, यंदा दुष्काळ.’ त्याच क्षणी तापीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा गेलेला असतो. साठा कमी आहे, कारण आत आलेलं बाहेर सोडलंय. पाण्याची टंचाई हे त्याचं कारण नव्हे. पुढे पावसाचा जोर ओसरू लागला, की ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे दरवाजे बंद करत साठा वाढवतात. हतनूरचा जुलैतला टक्का आणि गिरणेचा जुलैतला टक्का एका तक्त्यात शेजारी-शेजारी छापले, तरी त्यांची तुलना होत नाही.

‘जिल्ह्यातल्या धरणांत सरासरी इतके टक्के’ ही ओळ तर शेतकऱ्याच्या काही कामाची नाही. जळगावच्या यादीत हतनूर, गिरणा आणि वाघूर हे तीन मोठे प्रकल्प आणि मग मध्यम व लघु. गिरणेचा आकार इतका मोठा, की सरासरी तिच्याच मागे फरफटत जाते. एखाद्या तालुक्यातला लघु तलाव कोरडा पडला, तरी सरासरी जागची हलत नाही. शिवाय गिरणा धरण बसलंय नाशिक जिल्ह्यात, त्यामुळे ते नाशिकच्या यादीतही दिसतं. दोन जिल्ह्यांच्या बेरजा करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

फोटोंबद्दल एवढंच, की भिंतीचा फोटो टाकून ‘आता दोनच मीटर राहिलं’ म्हणतात ते दोन मीटर सगळ्यात रुंद जागेचे असतात. धरणाचं पोट वर पसरत जातं. तळाकडचे दोन मीटर आणि काठाकडचे दोन मीटर यांत पाण्याचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि फोटोवर तारीख व साल नसेल, तर तो याच वर्षाचा आहे असं समजू नका. दुथडी वाहणाऱ्या गिरणेचे २०१९ चे फोटो अजून फिरतात.

आता तुमच्या पाच एकराकडे येऊ. वरचं सगळं एका ओळीत: पन्नास टक्के या आकड्यावरून ‘एक पाळी नक्की’ही म्हणता येत नाही आणि ‘थेंब नाही’ही म्हणता येत नाही. उत्तर दुसऱ्या कागदांवर आहे, आणि ते कागद तुमच्या आवाक्यातले आहेत.

१५ ऑक्टोबरचा साठा हा रब्बीच्या नियोजनाचा पाया असतो. त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि पिण्याचं आरक्षण किती, शेतीला आवर्तनं किती, हे तिथे ठरतं. बैठक होईपर्यंत ग्रुपवरचं सगळं अंदाजपंचे समजा. बैठकीनंतर शाखा कार्यालयात स्वतः जा आणि उपयुक्त साठा दलघफूत किती धरला, पिण्याला किती राखला, आवर्तनं किती आणि प्रत्येक किती दिवसांचं, हे विचारा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: मागे ज्या वर्षी १५ ऑक्टोबरला साठा साधारण एवढाच होता, त्या वर्षी आमच्या चारीला किती दिवस पाणी चाललं? चारी पाणीवापर संस्थेच्या ताब्यात असेल, तर संस्थेच्या दप्तरात सापडेल. तेही नसेल, तर चारीवरच्या दोन म्हाताऱ्या शेतकऱ्यांना वेगवेगळं विचारा आणि ताडून बघा. त्या एका नोंदीचं मोल माझ्या लेखी धरणाच्या शंभर पोस्टहून जास्त आहे.

नमुना नंबर ७ चे पाणी-अर्ज मागवल्याचं जाहीर झालं, की मुदतीत अर्ज भरा. पाणीपट्टीची थकबाकी असेल, तर आधी मिटवा. पाणी मिळेल की नाही याची खात्री नाही म्हणून पुष्कळ जण अर्जच करत नाहीत. मग कागदावर मागणी कमी दिसते आणि शेवटाकडच्यांची बाजू आणखी लंगडी पडते. हासुद्धा अपुरा आकडा चुकीचा वाचला जाण्याचाच प्रकार आहे, फक्त या वेळी वाचणारं खातं असतं आणि आकडा तुमचा.

पिकाबाबत नेमकं तुमचे कृषी सहायक सांगतील, मी पाण्याच्या बाजूने बोलतो. गव्हाला साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा पाणी लागतात आणि पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचं पाणी हुकलं, तर पीक पुढे सावरत नाही. कालव्याची पाळी तुमच्या गव्हाच्या तारखा बघून येत नाही. शेवटाकडच्या चारीवर, निम्म्या धरणाच्या वर्षात, विहीर फेब्रुवारीपर्यंत साथ देणार नसेल तर मी गहू पेरणार नाही. हरभरा ओलीवर उगवतो, फुलोऱ्याच्या आधी आणि घाटे भरताना अशी एक-दोन पाणी मिळाली तर उत्तम, त्यातलं एक विहिरीवरून तुषारने देता आलं तरी पीक हाताला लागतं. म्हणजे हरभऱ्यात कालव्याची पाळी आली तर फायदा, नाही आली तरी घर बुडत नाही. सगळ्या पाच एकरांवर टाकायचा की तीनवर, हे विहीर ठरवेल. पंप किती तास चालतो आणि उपसा झाल्यावर पाणी परत वर यायला किती वेळ लागतो, हे चार-आठ दिवस लिहून काढा.

एक शक्यता मात्र मोजायला विसरू नका. शेतीचं आवर्तन नाही मिळालं, तरी पिण्यासाठी नदीत पाणी सुटेल. तुमची विहीर नदीच्या पट्ट्यात असेल, तर त्या पाण्याने तिची पातळी उचलते. मागच्या वर्षांत नदीला पाणी आल्यावर विहीर किती दिवसांनी आणि किती चढली, हे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. कालव्याच्या पाझरावर भरणारी विहीर असेल, तर तो आधार यंदा धरू नका.

चारीचा नंबर, विहीर नदीपासून किती लांब आहे आणि आजची पाण्याची पातळी कळवलीत, तर हरभरा किती एकर पेलेल त्याचा हिशोब इथेच मांडून देतो. ओल उडायच्या आत पेरायचं आहे, तेव्हा बैठकीची वाट बघताना रान तयार करून ठेवा.